डिझेल इंजिनाची हवा आणि धुरातील प्रदूषण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात बस, टेम्पो आणि ट्रक यांच्या इंजिनांची कामे करताना गाडीमालक, चालक, मेकॅनिक आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी हवेशी संबंधित प्रश्न येथे एकत्र केले आहेत. डिझेल फवारणारे इंजेक्टर आणि त्यांना ते पुरवणारा पंप यांच्याबद्दल सगळेच बोलतात. हवेकडे मात्र फिल्टर बदलण्यापलीकडे फारसे कोणी बघत नाही, आणि धुराची निम्मी दुखणी तिथेच सापडतात, असा माझा अनुभव आहे.

इंजिनाच्या हवेचे नियंत्रण म्हणजे नेमके काय?

पेट्रोलच्या इंजिनात ॲक्सिलरेटर दाबला की हवेची झडप उघडते आणि जेवढी हवा आत येईल त्या मानाने इंधन सोडले जाते. जुन्या डिझेल इंजिनात असे काही नव्हते. ते ओढता येईल तेवढी हवा ओढत असे, पंप फक्त डिझेल कमी-जास्त करत असे आणि हवेचा हिशोब कोणीच ठेवत नसे. धुराचे नियम कडक होत गेले तसा हा हिशोब ठेवणे भाग पडले. आजच्या इंजिनात सिलिंडरमध्ये जाणारी ताजी हवा किती, तिचा दाब किती, तापमान किती आणि तिच्यात परत फिरवलेला धूर किती मिसळायचा, या चारही गोष्टी इंजिनाचा संगणक, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ईसीयू म्हणतात तो, दर सेकंदाला अनेक वेळा ठरवत असतो.

हवा किती लागते, हे एकदा आकड्यांत पाहिलेले बरे. १ लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम असते. ते पूर्ण जळण्यासाठी वजनाच्या सुमारे १४.५ पट, म्हणजे १२ किलो हवा लागते आणि तिचे आकारमान जवळपास १० घनमीटर भरते. घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांना पाणी पुरवणारा १०,००० लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. तेवढी हवा एका लिटर डिझेलला लागते, आणि हा झाला किमान हिशोब. डिझेलचे थेंब हवेत मिसळायला मिळणारा वेळ काही मिलिसेकंदांचा असल्यामुळे पूर्ण भारावरही सव्वा ते दीड टँकर द्यावे लागतात. गाडी न्यूट्रलमध्ये नुसती चालू असते तेव्हा तर गरजेच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त हवा सिलिंडरमधून जात असते.

भरपूर हवा दिली तर धूर आपोआप स्वच्छ होणार नाही का?

डोळ्यांना दिसणारा धूर स्वच्छ होईल, न दिसणारा वाढेल. सगळा विषय या एका अडचणीभोवती फिरतो, म्हणून हे उत्तर थोडे सविस्तर देतो.

डिझेलच्या फवाऱ्यात जिथे इंधन जास्त आणि ऑक्सिजन कमी असतो, तिथे काजळी तयार होते. पुढे हवा मिळाली आणि उष्णता पुरेशी असली तर त्यातली बहुतेक काजळी सिलिंडरमध्येच जळूनही जाते. उरते ती सायलेन्सरमधून काळा धूर होऊन बाहेर पडते. याउलट ज्वाळेच्या ज्या भागात ऑक्सिजन मुबलक आणि तापमान फार जास्त असते, ढोबळमानाने १,५०० अंश सेल्सिअसच्या पुढे, तिथे हवेतला एरवी निष्क्रिय असलेला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. त्यांना सर्रास नॉक्स म्हटले जाते. हा नॉक्स डिझेलमधून येत नाही, हवेतून येतो. ज्वाळा जितकी तापेल तितका तो झपाट्याने वाढतो.

म्हणजे जी परिस्थिती काजळी जाळायला चांगली, तीच नॉक्स जन्माला घालायलाही चांगली. एकाला दाबले की दुसरा वर येतो. आपले लक्ष स्वाभाविकपणे काळ्या धुराकडे जाते, कारण तो दिसतो आणि वाहतूक पोलिसालाही दिसतो. नॉक्स मात्र बाहेर पडताना बहुधा रंगहीन असतो आणि उन्हात इतर वायूंशी मिसळून ओझोन व सूक्ष्म कण तयार करतो. हवेच्या नियंत्रणाचे काम म्हणजे या दोघांमधली अरुंद वाट सांभाळत चालणे, तेही मागे ओढणारा भार, चढ आणि ट्रॅफिक क्षणाक्षणाला बदलत असताना.

हवा इंजिनापर्यंत कोणकोणत्या भागांतून जाते?

फिल्टर, हवा मोजणारा सेन्सर, टर्बोचा कॉम्प्रेसर, इंटरकूलर, थ्रॉटल झडप आणि मग मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणारी नळी, असा तो क्रम आहे. काही मोठ्या इंजिनांत हवा थेट न मोजता मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान यांवरून तिचा हिशोब काढतात. सिलिंडरमधून बाहेर पडलेला धूर टर्बोची दुसऱ्या बाजूची चाकी, म्हणजे टर्बाइन, फिरवतो आणि त्याच दांड्यावर बसलेला कॉम्प्रेसर हवा दाबून आत ढकलतो. बाहेर फुकट जाणाऱ्या धुराला असे कामाला लावण्याची कल्पना जुनी आहे; स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने तिचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. लहान गाडीचा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो, त्यामुळे त्याच्या तेलात हयगय केली तर तो माफ करत नाही.

इंटरकूलर नसला तर काय बिघडते?

हवा दाबली की तापते. मे महिन्यात ३५ अंशांची हवा टर्बोने अडीचपट दाबली तर ती दीडशे अंशांच्या वर जाते. तापलेली हवा विरळ असते आणि शिवाय ज्वाळेचे तापमान वाढवते, म्हणजे काजळी आणि नॉक्स दोन्ही बाजूंनी तोटा. इंटरकूलरने तीच हवा ५५ अंशांपर्यंत खाली आणली तर त्याच दाबात सिलिंडरमध्ये साधारण ३० टक्के जास्त हवा मावते. काजळी आणि नॉक्स दोन्ही एकाच वेळी कमी करणारा हा विरळा भाग आहे. तरीही रेडिएटरच्या पुढे बसलेल्या त्याच्या पन्हाळ्यांत चिखल, किडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे महिनोन् महिने अडकलेले असतात आणि गाडी धुताना तिकडे कोणी पाइप धरत नाही.

बाहेर पडलेला धूर पुन्हा इंजिनात घालून प्रदूषण कमी कसे होते? हे पटत नाही.

पटत नाही असे म्हणणाऱ्यांत मी एकेकाळी स्वतःही होतो. आधी एक गैरसमज बाजूला ठेवू: ईजीआर, म्हणजे धुराचे पुनर्चलन, उरलेले डिझेल पुन्हा जाळण्यासाठी नसते. धुरात जळण्याजोगे इंधन जवळपास नसतेच. त्यात असतात नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि उरलेला थोडा ऑक्सिजन. हे मिश्रण ताज्या हवेत मिसळले की येणाऱ्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा २१ टक्क्यांवरून खाली येतो. डिझेलला तेवढाच ऑक्सिजन गोळा करण्यासाठी आता जास्त वायू आपल्यात ओढून घ्यावा लागतो, आणि तो जास्तीचा वायू ज्वाळेची उष्णता वाटून घेतो. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांची उष्णता सामावून घेण्याची क्षमताही साध्या हवेपेक्षा जास्त असते. परिणामी ज्वाळेचे शिखर तापमान उतरते. नॉक्सची वाढ तापमानावर इतकी तीव्रपणे अवलंबून असते की थोड्या उताराचाही मोठा फायदा होतो.

मात्र हा धूर गरमच्या गरम सोडला तर अर्धा फायदा वाया जातो, म्हणून तो आधी ईजीआर कूलरमधून, म्हणजे इंजिनाच्याच पाण्याने थंड होणाऱ्या नळ्यांमधून नेतात. किती धूर परत घ्यायचा हे भारावर ठरते. हलक्या भारावर इंजिनात हवा मुळातच जास्त असते, त्यामुळे कारच्या इंजिनात सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वायूचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक भाग परतलेल्या धुराचा असू शकतो. ट्रक पारसिकचा चढ चढू लागला की हवेची प्रत्येक चिमूट हवी असते, म्हणून ईजीआर व्हॉल्व्ह मिटत जातो. हा व्हॉल्व्ह मिटायला अर्धा सेकंद उशीर झाला तर काळा भपकारा सुटतो, आणि विनाकारण मिटून राहिला तर नॉक्स वाढतो.

टर्बोच्या पात्या हलतात असे ऐकले आहे. त्याचा प्रदूषणाशी काय संबंध?

जुन्या टर्बोला एकच आकार असे. कमी वेगात तो मंद पडे आणि जास्त वेगात हवा अति होऊ नये म्हणून वेस्टगेट नावाच्या खिडकीतून धूर बाजूने काढून द्यावा लागे. बदलत्या भूमितीच्या टर्बोत टर्बाइनच्या चाकाभोवती हलणाऱ्या पात्यांचे कडे असते. पात्या मिटल्या की धूर अरुंद फटीतून वेगाने चाकावर आदळतो आणि कमी वेगातही टर्बो जोमाने फिरतो. उघडल्या की वाट मोकळी होते. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवण्याचाच हा प्रकार.

खरी गुंतागुंत पुढे आहे, आणि विद्यार्थ्यांनी ती मुद्दाम समजून घ्यावी. धूर ईजीआरच्या वाटेने परत जायचा तर टर्बाइनच्या आधी धुराचा दाब मॅनिफोल्डमधल्या हवेच्या दाबापेक्षा जास्त असावा लागतो. पाणी उताराकडेच वाहणार. हा उतार तयार करण्याचे कामही त्याच पात्या करतात. म्हणजे एकच धूर दोन दारांशी उभा आहे: ईजीआर व्हॉल्व्ह जास्त उघडला तर टर्बोला मिळणारा धूर घटतो आणि हवेचा दाब पडतो, दाब सांभाळायला पात्या मिटल्या तर मागचा दाब वाढून ईजीआरमध्ये आणखी धूर घुसतो. एका नियंत्रकाने केलेली दुरुस्ती दुसऱ्याला बिघाड वाटते, आणि दोघे स्वतंत्रपणे काम करत असतील तर एकमेकांच्या मागे धावत राहतात.

त्यात आणखी एक खोच आहे. ताजी हवा वाढावी म्हणून पात्या मिटल्या तर ईजीआर उघडा असताना पहिल्या क्षणी ती उलट कमी होते, कारण दाब लगेच चढून ईजीआरचा प्रवाह वाढतो, पण टर्बोच्या दांड्याला वेग घ्यायला वेळ लागतो. टर्बो फिरू लागला की मग हवा वाढते. म्हणजे सुरुवात एका दिशेला आणि शेवट दुसऱ्या दिशेला. घाईने प्रतिसाद देणारा साधा नियंत्रक अशा ठिकाणी हमखास चकतो. म्हणून प्रत्येक वेग आणि भार यांसाठी आधीच मोजून ठेवलेल्या तक्त्यांवरून झडपांची मूळ जागा ठरवायची, वर सेन्सरच्या आधारे लहान दुरुस्त्या करायच्या आणि दोन्ही झडपांचा निर्णय एकत्र घ्यायचा, अशी पद्धत रूढ आहे. काही सेकंद पुढचा अंदाज बांधून चालणारे, इंजिनाच्या गणिती प्रतिकृतीवर आधारलेले नियंत्रण हा या क्षेत्रातल्या संशोधनाचा जुना आणि अजूनही चालू असलेला विषय आहे. पात्या मिटल्यावर पिस्टनला धूर बाहेर ढकलायला जास्त कष्ट पडतात आणि ते डिझेलच्या रूपाने मोजावे लागतात, हेही त्या गणितात धरावे लागते.

सिग्नल सुटल्यावर ट्रक काळा भपकारा का सोडतो?

माजिवड्याच्या सिग्नलवर दहा मिनिटे उभे राहिले तर याचे प्रात्यक्षिक मिळते. चालकाने पाय दाबताच डिझेल पुढच्याच स्ट्रोकला वाढते, पण टर्बोला वेग घ्यायला एक-दोन सेकंद लागतात. त्या मधल्या वेळात इंधन पुढे आणि हवा मागे राहते. इलेक्ट्रॉनिक इंजिनात संगणक हवेची नोंद पाहून तेवढ्यापुरते डिझेल रोखून धरतो. जुन्या यांत्रिक पंपावर हेच काम हवेच्या दाबावर चालणारा पडदा करतो. हा पडदा फाटला तर गाडीची ओढ कमी होते, आणि ‘पिकअप येत नाही’ म्हणून कोणी त्याचा स्क्रू फिरवून ठेवला असेल तर प्रत्येक सिग्नलवर काजळीचा ढग उठतो. मागे उभ्या असलेल्या दुचाकीस्वारावर त्याचा किती मारा होतो, हे तो स्क्रू फिरवणाऱ्याने एकदा मागे उभे राहून पाहावे.

स्कॅनरने टर्बो खराब दाखवला. टर्बो बदलावा का?

लगेच नको. स्कॅनर लक्षण सांगतो, रोग सांगत नाही. पी०२९९ या कोडचा अर्थ फक्त एवढाच की अपेक्षित दाब मिळालेला नाही.

कर्मचाऱ्यांची ने-आण करणारी एक मिनीबस माझ्याकडे आली होती. हाच कोड, चढावर काळा धूर, आणि थोड्या वेळाने गाडी आपणहून ताकद कमी करून रांगायची. आधीच्या गॅरेजने टर्बो बदलून दिला होता आणि तक्रार जशीच्या तशी होती. इंटरकूलरच्या खालच्या बाजूला जाणारा रबरी होज वरून धडधाकट दिसत होता. पण क्लॅम्पच्या लगत, खालच्या अंगाला, बोटभर जागेत तेलकट काळी धूळ चिकटलेली होती. फिल्टरच्या तोंडाला झाकण लावून आत थोड्या दाबाची हवा सोडली आणि त्या जागेवर साबणाचे पाणी शिंपडले, तेव्हा रबराच्या आतल्या वळीत लपलेली सुमारे दोन सेंटिमीटरची चीर फुगे सोडू लागली. इंजिन नुसते चालू असताना ती मिटलेली असे. दाब चढला की तोंड उघडे. टर्बोच्या किमतीपुढे होजची किंमत सांगण्यासारखीही नव्हती, पण मालकाने टर्बोचे पैसे मोजून झाले होते.

चिरेतून हवा गेल्याने काळा धूर का येतो, याचे कारण रंजक आहे. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असतो. तो आत शिरलेली सगळी हवा मोजतो, पण त्यातली काही पुढे वाटेतच गळते. संगणकाच्या वहीत हवा जमा झालेली असते आणि सिलिंडरपर्यंत ती पोचलेली नसते, त्यामुळे तो डिझेल जास्त सोडतो. शिवाय ताजी हवा ठरल्यापेक्षा जास्त आहे असे समजून ईजीआरही थोडा अधिक उघडतो. दोन्ही चुका एकाच दिशेच्या.

सेन्सर मळल्यावर बहुधा याच्या उलट घडते. तेल लावलेल्या फिल्टरमधून आलेला चिकट थर त्याच्या तारेवर बसला की तो हवा कमी दाखवतो, संगणक डिझेल आवरतो, ईजीआर मिटवतो. गाडी मरगळते, धूर मुळीच दिसत नाही आणि नॉक्स वाढलेला असतो. तेव्हा धूर नाही म्हणजे सगळे आलबेल आहे, असे समजू नये.

फिल्टर किती दिवसांनी बदलावा?

गाडीच्या पुस्तिकेत दिलेले अंतर चांगल्या रस्त्यासाठी असते. कळंबोली, तळोजा किंवा उरणच्या बाजूला कंटेनरच्या वाहतुकीत आणि बांधकामाच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीला ते लागू पडत नाही. फिल्टरच्या डब्यावर अडथळा दाखवणारा निर्देशक असेल तर तो लाल झाल्यावर बदलावा. दिसायला मळका आहे एवढ्यावरून बदलू नये, कारण थोडा मळलेला कागद उलट बारीक धूळ अधिक चांगली अडवतो. फिल्टर जमिनीवर आपटणे आणि गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या पूर्ण दाबाने त्यात हवा मारणे, या दोन सवयी मात्र आजच सोडाव्यात. कागदाला पडलेले टाचणीएवढे छिद्र डोळ्यांना दिसत नाही. आत दिवा धरला तर दिसते.

पावसाळ्यात आणि खाडीकाठच्या दमट हवेत प्रदूषण बदलते का?

बदलते, आणि नॉक्सच्या बाबतीत आपल्या फायद्याचे बदलते. हवेतली वाफ ज्वाळेची उष्णता वाटून घेते, म्हणजे निसर्गच थोडेसे ईजीआर करून देतो. प्रयोगशाळेत नॉक्स मोजताना म्हणूनच आकडे एका ठरावीक दमटपणावर आणून लिहितात. त्यासाठी दर किलो कोरड्या हवेमागे सुमारे १०.७ ग्रॅम वाफ धरली जाते. जुलैतल्या ठाण्याच्या हवेत ती २० ग्रॅमच्या आसपास असते. मात्र तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेताना फिल्टरच्या तोंडातून पाणी आत गेले तर ते सिलिंडरमध्ये दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये.

बीएस-६ मध्ये युरिया आणि डीपीएफ आले. मग हवेच्या नियंत्रणाची गरज उरली का?

पूर्वीपेक्षा जास्त आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६, म्हणजे भारत स्टेज-६, या धुराच्या नियमांनी डिझेल कारसाठी नॉक्सची मर्यादा दर किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आणली आणि कणांची ०.०२५ वरून ०.००४५ ग्रॅमवर. ट्रक-बसच्या इंजिनांसाठी नॉक्सची मर्यादा बीएस-४ मध्ये दर किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती. बीएस-६ च्या बदलत्या भाराच्या चाचणीत ती ०.४६ ग्रॅम झाली. एवढी घट केवळ सिलिंडरमध्ये साधणे शक्य नव्हते, म्हणून मोठ्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा डीपीएफ आणि युरियाच्या द्रावणाने नॉक्स मोडणारी एससीआर यंत्रणा बसली. डिझेलमधील गंधकही दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले, ज्याचा फायदा गंधकाच्या आम्लाने झिजणाऱ्या ईजीआर कूलरलाही मिळाला.

पण या दोन्ही यंत्रणांना उष्णता लागते. एससीआर साधारण २०० अंशांच्या खाली नीट काम करत नाही, आणि डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश लागतात. आता तीन हात नाक्याच्या कोंडीत पाऊण तास रांगणाऱ्या बसचा विचार करा. भार नाही, हवा गरजेच्या कित्येक पट, त्यामुळे धूर थंडगार. अशा वेळी संगणक थ्रॉटल झडप मिटवून हवा मुद्दाम कमी करतो, टर्बोच्या पात्या आवळतो आणि इंजिनाला थोडे कष्ट देऊन धूर तापवतो. जोवर एससीआर तापलेली नाही तोवर नॉक्स आवरण्याचा भार ईजीआरवरच असतो. म्हणूनच एखाद्या गाडीत डीपीएफ सारखा भरत असेल तर तो साफ करण्यापूर्वी होज, ईजीआर आणि थ्रॉटल तपासावेत. हवेतला दोष कायम ठेवून साफ केलेला डीपीएफ लवकरच पुन्हा भरतो. आणि दिवा लागल्यावर डीपीएफ जळण्याची प्रक्रिया मध्येच तोडू नये; जमल्यास पाम बीच रस्त्यासारख्या मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी चालवून ती पूर्ण होऊ द्यावी.

ईजीआर ब्लँक केल्याने एव्हरेज वाढते, असे मेकॅनिक सांगतो. करू का?

मेकॅनिकचे म्हणणे सगळेच खोटे नाही, हे आधी मान्य करतो. ईजीआरची काजळी आणि क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून, येणारी तेलाची वाफ एकत्र होऊन मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर जमतो. मी उघडलेल्या एका व्हॉल्व्हची वाट करंगळी जेमतेम जाईल इतकी उरली होती. पत्रा लावून ती वाट बंद केली की आतला भाग स्वच्छ राहतो, काळा धूर कमी होतो आणि गाडी हलकी वाटते. फक्त नॉक्स कित्येक पट वाढतो, आणि तो कोणालाच दिसत नाही. नव्या गाडीत संगणकाला हे लगेच कळते, दिवा लागतो आणि ताकद कापली जाते. मग तो दिवा विझवण्यासाठी प्रोग्राम बदलून घेण्याचा दुसरा खर्च येतो. कायद्याच्या दृष्टीनेही हा गाडीतला बेकायदेशीर बदल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात असा बदल करणाऱ्या मालकाला ५,००० रुपये दंडाची आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्यापेक्षा व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड वेळच्या वेळी साफ करून घ्यावेत, आणि थर फार लवकर जमत असेल तर इंजिन तेल का ओढते आहे, ते पाहावे.

पीयूसी मिळाली म्हणजे हवेची यंत्रणा ठीक आहे ना?

तसा अर्थ काढता येत नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत इंजिनाला रेस देऊन धुराची अपारदर्शकता मोजतात. बीएस-४ गाड्यांना ५० आणि त्याआधीच्यांना ६५ एकक एवढी मुभा आहे. नॉक्स या चाचणीत मोजलाच जात नाही. गाडी उभी, भार शून्य, त्यामुळे चढावर उघडणारी होजची चीरही तिथे लपून जाते. ब्लँक केलेल्या ईजीआरची गाडी तर अधिक चांगले गुण घेऊन बाहेर पडते.

आमच्या सोसायटीच्या डिझेल जनरेटरलाही हे सगळे लागू आहे का?

तत्त्व तेच आहे. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या जनरेटरना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी-४ प्लस हे कडक नियम लागू झाले आणि त्यामुळे त्यांच्या इंजिनांतही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणि धूर शुद्ध करणारी उपकरणे आली. जुन्या संचांच्या बाबतीत मात्र सोसायट्यांना सर्वांत आधी जागेकडे बघायला सांगतो. तळघराच्या कोपऱ्यात, भिंतीला खेटून ठेवलेला जनरेटर स्वतःच्याच रेडिएटरची गरम हवा पुन्हा ओढत राहतो. आत येणारी हवा ३० ऐवजी ५० अंशांची झाली तर तिची घनता सहा टक्क्यांहून अधिक घटते, आणि जुन्या यांत्रिक पंपाला याची काहीच खबर नसल्याने तो डिझेल तेवढेच सोडत राहतो. लिफ्टचा भार पडताच येणारा काळा धूर अनेकदा याच कारणाने असतो. गरम हवा बाहेर नेणारा पत्र्याचा मार्ग आणि समोरच्या भिंतीत ताज्या हवेसाठी जाळी, एवढे फॅब्रिकेटरकडून करून घ्यावे आणि त्यानंतरही धूर राहिला तरच इंजेक्टर काढावेत.